जुन्या सायकलचे अलॉय (ॲल्युमिनियम मिश्रधातूचे) पार्ट पुन्हा कसे चमकवायचे? (घासायचा पेपर, कॉस्टिक की बफ)

गंजका_घोडा, लातूर

रामराम मंडळी. एक जुनी गिअरची सायकल पूर्ण खोललीय. चौकट रंगाला जाईल, त्याआधी पार्टांचं बघायलोय. क्रँकचे (पेडलचे) दोन्ही दांडे, हँडल पकडणारा स्टेम, सीटपोस्ट, ब्रेकचे लिव्हर, हब आणि रिमा, सगळं मळकट राखाडी पडलंय. क्रँकवर बूट घासून घासून चरे आलेत. स्टेमवर बारीक पांढरे ठिपके आहेत. लिव्हरवर पिवळट पापुद्रा सुटल्यासारखा दिसतो. क्रँकच्या एका कोपऱ्यावर ब्रासो घासून बघितलं, कापड काळं होईना अन् चमकही येईना. एक जण म्हणतो कॉस्टिक सोड्यात बुडवा, दुसरा म्हणतो थेट बफवाल्याकडं (फिरत्या कापडी चाकावर चमक आणणारा) द्या. सुरुवात कुठून करू?

कोन_कटोरी, परभणी

भाऊ, आधी हात थांबवा. कापड काळं झालं नाही, ह्यातच तुमचं अर्धं उत्तर आहे. उघडं ॲल्युमिनियम घासलं की कापड काळं झालंच पाहिजे. नाही झालं तर तुम्ही धातू घासतच नाही आहात, वरचा थर घासताय.

प्रत्येक पार्टाची तीन मिनिटांची परीक्षा घ्या.

पहिली चुंबक. चिकटलं तर ते क्रोम चढवलेलं लोखंड, हा धागा त्याच्यासाठी नाही. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींचं हँडल, रिम, क्रँक बहुतेक क्रोमचंच असतं, आणि त्याला अलॉय समजून पेपर मारणारे काही कमी नाहीत. क्रोमवर एकदा पेपर फिरला की ते गेलंच.

दुसरी मल्टिमीटर. कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही टोकं पार्टावर हलकी टेकवा, खुपसू नका. बीप वाजला तर धातू उघडा आहे. नाही वाजला तर वर अ‍ॅनोडायझिंग (कारखान्यात चढवलेला कडक ऑक्साइडचा थर) किंवा लॅकर (पारदर्शक वार्निश) आहे, कारण दोन्हींतून वीज जात नाही.

तिसरी थिनर. बीप न वाजलेल्या पार्टावर कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून दोन मिनिटं दाबून धरा. चिकट झालं, सुरकुतलं तर लॅकर. काहीच फरक नाही तर अ‍ॅनोडायझिंग. पक्कं दोन घटकांचं लॅकर मात्र नुसत्या थिनरला दाद देत नाही, त्याला पेंट रिमूव्हर लावून बघावा लागतो.

तुमच्या लिव्हरवरचा पिवळा पापुद्रा लॅकरचा असणार. क्रँक अ‍ॅनोडाइज्ड असणार. दोघांचं काम वेगळं. लिव्हरला कॉस्टिकची गरजच नाही.

गंजका_घोडा, लातूर

कोन_कटोरी काका, केली परीक्षा. लिव्हर थिनरनं चिकट झाले. क्रँक, सीटपोस्ट, स्टेम बीप देईनात आणि थिनरलाही हलेनात. हब बीप देतात. रिमांना कडेला, ब्रेक घासतो तिथं बीप, बाकी नाही.

वॉटरपेपर, छ. संभाजीनगर

मग हबपासून सुरू करा, ते सगळ्यात सोपे. आणि रिमांना सध्या हात लावू नका, त्यावर शेवटी बोलू.

सगळ्याच्या आधी धुणं. डिझेल आणि जुना टूथब्रश, मग भांड्याचा साबण, मग पाणी. ग्रीस राहिलं तर पेपर त्यातच भरून बसतो आणि धातूवरून नुसता घसरतो. धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी वापरू नका, अलॉय काळवंडतं. शेवटचं पाणी बोअरचं नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की वाळल्यावर पांढऱ्या टिकल्या उठतात, आणि मग माणूस त्याच टिकल्यांना गंज समजून घासत बसतो. जारचं पाणी तांब्याभर पुरतं.

बाभळीचं_झाड, बीड

एवढं कशाला? घरी ॲल्युमिनियमची काळी पडलेली पातेली चिंच टाकून उकळली की पांढरी होतात. नाही तर चुलीची राख अन् काथ्या. सायकलला का नाही चालणार?

रसायनवाली, नांदेड

चिंचेचं खरं आहे. टार्टारिक आम्लानं वरची काळपट झिलई विरघळते आणि पातेलं उजळ दिसतं. पण उजळ होणं वेगळं आणि आरसा होणं वेगळं. आम्लानं ओरखडे जात नाहीत, खड्डे भरत नाहीत. अ‍ॅनोडायझिंगवर तर चिंचेचा काही परिणामच होणार नाही.

राख मात्र नको. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कली आहे, ॲल्युमिनियमला खातं आणि खाल्लेली जागा निस्तेज दिसते. शिवाय राखेत वाळूचे खडे येतात, त्यांचे चरे काढायला पुन्हा ४०० नंबरपासून सुरुवात.

बाथरूमच्या फरशीसाठी दारावर बाटलीतून विकायला येतं ते ॲसिड तर कधीच नको. ते हायड्रोक्लोरिक. क्लोराइडमुळे अलॉयला सुईच्या टोकाएवढे खोल खड्डे पडतात आणि पुढं धुतल्यावरही आत खात राहतात. तांब्या-पितळेच्या पावडरींतही बहुधा आम्ल असतं. त्या तांब्यापितळेलाच ठेवा.

वॉटरपेपर, छ. संभाजीनगर

ताईंनी बरोबर सांगितलं. आता पेपरचं बोलतो. खरं काम इथं आहे, बफ हा शेवटचा दहा टक्के भाग.

कुठल्या नंबरपासून सुरू करायचं हे नखानं ठरवा. चऱ्यावरून नख आडवं न्या. अडकलं तर ३२०. अगदी खोल खाच असेल तर आधी बारीक कानस, मग २२०. नख अडकत नसेल पण डोळ्याला दिसतं, तर ६००. नुसतं धुरकट असेल तर १००० किंवा थेट ऑटोसोल (धातूची पॉलिश पेस्ट).

त्यानंतर ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. एकही पायरी गाळायची नाही. ४०० वरून थेट १००० वर उडी मारली की १००० चा पेपर ४०० च्या चऱ्यांची फक्त टोकं बोथट करतो. पेपर मारताना वाटतं झालं, बफ मारला की तेच चरे आरशात उभे राहतात.

सामान: दोन्ही क्रँक, स्टेम आणि सीटपोस्टला ३२०, ४०० आणि ६०० चे प्रत्येकी दोन ताव, पुढच्या नंबरांचा एकेक. काळा वॉटर पेपरच घ्या, लाकडाचा पिवळा पेपर पाण्यात विरघळतो. तावाचे आठ तुकडे करा, पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब. सपाट भागावर पेपरमागं खोडरबर धरा. बोटांनी दाबला तर बोटांच्या जागी खळगे पडतात, ते बफनंतर लाटांसारखे दिसतात.

दिशा बदला. ३२० लांबीत मारला तर ४०० आडवा, ६०० पुन्हा लांबीत. आधीच्या दिशेचा एकही चरा उरला नाही की पुढच्या नंबरावर जा. दर नंबरानंतर पार्ट, हात आणि बादली तिन्ही धुवा. ३२० चा एक कण १५०० च्या पेपराखाली आला की तासाभराची मेहनत वाया.

क्रँकची कड गोल करू नका. तिथं पेपर एकाच दिशेनं, हलका. कडा मेल्या की पार्ट साबणाच्या वडीसारखा दिसतो, मग कितीही चमको.

गंजका_घोडा, लातूर

हे लई कामाचं झालं. पण अ‍ॅनोडायझिंगचं काय? ३२० नं अर्धा तास घासतोय, क्रँकवर जेमतेम दोन बोटं जागा उघडी झाली.

रसायनवाली, नांदेड

व्हायचंच. अ‍ॅनोडायझिंग म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. माणिक आणि नीलम हेही त्याच संयुगाचे स्फटिक, तेव्हा कडकपणाचा अंदाज घ्या. सायकलच्या पार्टांवर तो थर साधारण ५ ते २५ मायक्रॉनचा असतो. हवेत आपोआप चढणारा थर काही नॅनोमीटरचाच, म्हणून उघडा धातू सहज चमकतो आणि अ‍ॅनोडाइज्ड दमवतो.

तो काढायला कॉस्टिक सोडा लागतो. सांगते, पण नियम पाळणार असाल तरच करा.

प्रमाण: ५ लिटर पाण्याला २५० ग्रॅम कॉस्टिकचे फ्लेक्स, म्हणजे ५ टक्के. जास्त नको. बादली प्लास्टिकची. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरलं तर आधी पातेलंच संपेल. जस्ताची बादलीही नको, कॉस्टिक जस्तालाही खातं. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा सोडा. उलट कधीच नाही, उकळून अंगावर उडतो. सोडा टाकताच पाणी तापतं, ते थंड होऊ द्या.

कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, बंद चष्मा, पायात चप्पल नको, बूटच. अंगणात, उघड्यावर. फेस येतो तो हायड्रोजनचा, म्हणून जवळ विडी-काडी नको आणि बादलीला झाकण नको. डोळ्यात उडालं तर वीस मिनिटं वाहतं पाणी आणि थेट दवाखाना. डोळ्यात लिंबू-व्हिनेगर घालायचा शहाणपणा करू नका.

आपल्याकडं एक खास धोका आहे. एप्रिल-मेमध्ये गच्चीच्या टाकीचं पाणी दुपारी चटके देतं. त्या पाण्यात प्रक्रिया कितीतरी वेगानं चालते आणि पाच मिनिटांचं काम दीड मिनिटात होऊन धातू खाल्ला जातो. सकाळी, माठाइतक्या थंड पाण्यात करा.

पार्ट तारेला टांगून बुडवा. सुरुवातीला काही होत नाही किंवा तुरळक बुडबुडे येतात. थर संपला की सगळ्या पृष्ठभागावरून एकदम फेस उठतो. तोच क्षण काढायचा. पहिल्यांदा दर मिनिटाला बाहेर काढून, धुऊन, मल्टिमीटर लावा. बीप आला की काम संपलं.

मग भरपूर पाणी, मग लिटरला एक चमचा सायट्रिक ॲसिड घालून केलेल्या पाण्यात मिनिटभर. किराणा दुकानात हे लिंबूफूल म्हणून मिळतं.

कोन_कटोरी, परभणी

ताई, तुमच्या शब्दाबाहेर नाही, पण माझा कॉस्टिकला विरोध आहे आणि तो नोंदवून ठेवतो.

एक, नळीचे पार्ट. सीटपोस्ट, हँडल यांत पाणी आत शिरतं. बाहेरून थर काढताना आतली भिंतही खाल्ली जाते आणि आतलं तुम्हाला दिसत नाही. ज्या हँडलवर माणूस अंगाचा भार टाकतो, त्याची भिंत पातळ करून चमक आणायची नाही. दोन, आटे. क्रँकला पेडलचे आटे असतात, पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) बसतो तिथलेही असतात. पुलरचे आटे २२ मिलिमीटरचे आणि बारीक, एक मिलिमीटर पिचचे. ते खाल्ले गेले तर पुढच्या वेळी पुलर आटे घेऊन बाहेर येतो. तीन, चौकोनी खोबण. तिथून थर गेला की क्रँक एक्सलवर जास्त आत बसतो.

रसायनवाली, नांदेड

तिन्ही मुद्दे मान्य. हँडल आणि सीटपोस्ट बुडवू नका, हे मीच आधी लिहायला हवं होतं. क्रँकसाठी: आट्यांत आणि खोबणीत मेण वितळवून भरा किंवा रबरी बूच ठोका. स्टेमला बुडवायचं तर आधी आतला लोखंडी बोल्ट आणि पाचर काढा. दोन धातू एकत्र असले की ॲल्युमिनियम जास्त जोरानं खाल्लं जातं.

उरलेलं पाणी झाडांना, शेतात किंवा नाल्यात नाही. बादलीभर पाणी वाढवा, लिंबूफुलाचं पाणी थोडं थोडं ओतून लिटमस कागद निळा व्हायचा थांबेपर्यंत उतरवा, मग मोरीत.

गंजका_घोडा, लातूर

क्रँक आणि स्टेम केले. मेण भरलं होतं. साडेचार मिनिटांत फेस उठला. पण बाहेर आले ते काळे! तव्यासारखे काळे. बोटाला काजळी लागायलीय. बिघडले का?

रसायनवाली, नांदेड

नाही, बिघडले नाहीत. अलॉयमध्ये ॲल्युमिनियमबरोबर तांबं, सिलिकॉन, लोह असतं. कॉस्टिक ॲल्युमिनियम नेतं, ते मागं राहतात. तांबं जास्त असलेलं अलॉय जास्त काळं होतं. कारखान्यात हे नायट्रिकमध्ये धुतात. घरी नायट्रिकच्या भानगडीत पडू नका. भांड्याच्या हिरव्या घासणीनं आणि साबणानं बरीचशी निघेल, उरलेली ६०० च्या पेपरनं.

तारेची घासणी मात्र नको. तिचे लोखंडी तुकडे मऊ अलॉयमध्ये रुततात आणि पावसाळ्यात तिथंच तांबडे ठिपके येतात.

बफ_२८००, वाळूज

पेपर २००० पर्यंत झाला असेल तर आता बफचं ऐका. घरच्या घरी करायचं असेल तर बेंच ग्राइंडरवर सहा इंची कापडी चाक. २८०० आरपीएमला त्याच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण २२ मीटर पडतो, अलॉयला तेवढा पुरतो. ड्रिल मशीनला तीन इंची चाक लावलं तर तेवढ्याच आरपीएमला वेग बरोबर अर्धा. मग लोक जोर लावून दाबतात. चाक दबतं, गरम होतं, मेण पार्टावर थापलं जातं आणि चमकच येत नाही.

दोन चाकं लागतात. एक दाट शिवलेलं, त्यावर तपकिरी लस्टर (बफला लावायची मेणातल्या पॉलिशची वडी), कापण्यासाठी. दुसरं सुटं, मऊ, त्यावर पांढरं लस्टर, शेवटच्या चमकेसाठी. हिरवं स्टेनलेसवाल्यांचं, अलॉयला त्याची गरज नाही. एका चाकावर दोन लस्टर कधी लावू नका.

लस्टर दोन सेकंद टेकवा, बास. चाक भरून चालत नाही. पार्टावर काळ्या रेघा उठायला लागल्या की लस्टर जास्त झालं. चाक फिरतं ठेवून जुन्या हॅक्सॉ ब्लेडचे दात त्यावर हलके धरा, साफ होतं.

पार्ट चाकाच्या खालच्या अर्ध्या भागावर धरायचा, कड नेहमी चाकापासून लांब जाणारी. चाक कडेकडून पार्टाकडं येत असेल तर ते पार्ट हिसकावून जमिनीवर आपटतं. ब्रेक लिव्हर तर तोंडावर येतो. सैल सुती हातमोजे नकोत, गळ्यात गमछा नको, बाह्या वर. चष्मा आणि एन-९५ मास्क.

आणि त्या मशीनवर लोखंड ग्राइंड करू नका. ॲल्युमिनियमची बारीक भुकटी, गंजाची पूड आणि ठिणगी एकत्र आली की आग लागते आणि ती पाण्यानं विझत नाही. पाणी टाकलं तर भडकते. रोज झाडू, जवळ कोरडी वाळू.

बाभळीचं_झाड, बीड

गरम झालं तर बिघडतं का हो? बफवाले तर पार्ट हाताला चटका बसेपर्यंत धरतात.

बफ_२८००, वाळूज

हाताला चटका बसतो तो साठेक अंशाला, तोवर अलॉयला काही होत नाही. तीच मर्यादा ठेवा: हातात धरवेना झालं की पाण्यात बुडवा. ६०६१ अलॉयला कारखान्यात १६० ते १७७ अंशांवर कित्येक तास भाजून ताकद आणतात, ७०७५ ला १२० वर. त्याहून जास्त तापून बराच वेळ राहिलं की नरम पडतं. म्हणूनच चौकट पावडर कोटिंगला द्याल तेव्हा तिच्यासोबत क्रँक-स्टेम पाठवू नका. तिथली भट्टी १८० ते २०० अंशांची असते. पार्टही रंगवून देतो म्हणतील, तरी नको.

कोन_कटोरी, परभणी

थांबा थांबा. बफच्या आधी एक गोष्ट राहिली, आणि ती चमकेपेक्षा मोठी आहे. भेगा.

बफचं कापड मऊ अलॉय ओढून भेगेवर सारवतं. बारीक भेग दिसेनाशी होते, जात नाही. म्हणून तपासणी पेपर झाल्यावर आणि बफच्या आधी.

पूर्वी रॉकेल वापरायचो, आता रॉकेल कुठं मिळतं, डिझेल चालतं. पार्ट अर्धा तास डिझेलमध्ये ठेवा. काढा, कोरडा खडखडीत पुसा. फळ्याच्या खडूची पूड स्पिरिटमध्ये पातळ कालवून ब्रशनं लावा, वाळू द्या. वीस मिनिटं वाट बघा. भेग असेल तर आतलं डिझेल पांढऱ्यावर काळसर रेघ होऊन उमटतं. ठिपके उमटले तर ओतकामातली भोकं, रेघ उमटली तर भेग. रांगोळी वापरू नका, ती जाड असते आणि शोषतही नाही.

बघायच्या जागा: क्रँकच्या पेडलच्या भोकाभोवती, दातांच्या चकतीला जाणाऱ्या हातांच्या बेचक्यात, चौकोनी खोबणीच्या कोपऱ्यांत. स्टेम हँडल पकडतो तिथं खालच्या बाजूला. सीटपोस्ट चौकटीत शिरतो त्या रेषेवर.

रेघ दिसली की तो पार्ट भिंतीला टांगा. वेल्डिंगवाल्याकडं नेऊ नका, अशा अलॉयची वेल्डजवळची ताकद जाते.

गंजका_घोडा, लातूर

खडूची परीक्षा केली काका. दोन्ही क्रँक स्वच्छ. स्टेमवर तीन ठिपके, रेघ नाही. डाव्या लिव्हरवर मात्र पेपर मारेल तसे बारीक खड्डे वाढायलेत. ४०० पासून पुन्हा पुन्हा मारतोय, खड्डे जाईनात.

वॉटरपेपर, छ. संभाजीनगर

लिव्हर ओतीव आहे, घडीव नाही. ओतीव अलॉयच्या पोटात हवेची भोकं असतात, वरची कातडी घट्ट असते. तुम्ही कातडी खरडून पोटात शिरलात. जितकं खाली जाल तितकी नवी भोकं. इथंच थांबा. १००० नं एकसारखं करून ऑटोसोल मारा, मंद चमक ठेवा. उजव्या लिव्हरला ४०० लावूच नका. थिनरनं लॅकर काढलंय ना, १५०० आणि ऑटोसोल पुरे.

पार्ट घडीव की ओतीव हे ओळखायला मधली शिवण बघा. घडीव क्रँकच्या कडेला साच्याची कातरलेली रुंद रेघ असते, ओतीवला बारीक, उंचावलेली. घडीव पार्टाला हवा तेवढा आरसा आणता येतो.

गोदाकाठ, पैठण

हबचं सांगतो. चाक खोललं नसेल तर ३६ तारांच्या मधून बोट जात नाही. जुन्या जीन्सची दोन बोटं रुंद, हातभर लांब पट्टी कापा. हबच्या मध्याला एक वेढा द्या, ऑटोसोल लावा आणि दोन्ही टोकं धरून आळीपाळीनं ओढा, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी. चाक फिरणार नाही असं अडकवून ठेवा. पन्नास ओढ्यांत हब चमकतो. त्याआधी हबच्या दोन्ही टोकांना, कोनपाशी (छर्ऱ्यांना दाबून ठेवणारा नट), चिकटपट्टी गुंडाळा, नाही तर पॉलिशची पेस्ट छर्ऱ्यांत शिरते. ती पेस्ट म्हणजे अतिशय बारीक पेपरच, आत गेली तर कटोऱ्या घासून टाकते.

उन्हात बसून करू नका. आपल्या ४२-४३ अंशांत ऑटोसोल अर्ध्या मिनिटात वाळून दगड होतं, मग त्याचाच चरा पडतो.

गंजका_घोडा, लातूर

हब झाले! आता सगळ्या कोपऱ्यांत काळं मेणचट साचलंय, साबणानं निघेना. आई म्हणते ज्वारीचं पीठ लाव, तेल शोषतं.

रसायनवाली, नांदेड

कल्पना बरोबर, पीठ चुकीचं. चक्कीच्या पिठात पाट्याची कच येते, ज्वारीचा कोंडाही कडक. मैदा किंवा टाल्कम पावडर घ्या. भुरभुरा, स्वच्छ सुती कापडानं गोल न फिरवता सरळ पुसा, दोनदा. मग कोमट पाणी आणि भांड्याचा साबण. कोपऱ्यांत मऊ टूथब्रश.

वॉटरपेपर, छ. संभाजीनगर

रिमा राहिल्या होत्या. ब्रेक घासतो ती कड पॉलिश करू नका. ब्रेकची रबरं तिला पकडतात, तिथं मेण किंवा वॅक्स गेलं तर ब्रेक लागायचा नाही. पॉलिश इकडं-तिकडं लागलंच तर स्पिरिटनं पुसा. बाकीचा अ‍ॅनोडाइज्ड भाग तसाच राहू द्या, साबण आणि मऊ कापड, संपलं. रिमेला कॉस्टिक लावायचा विचार मनातूनही काढा. तारांच्या भोकांत राहिलेला थेंब महिनोन्‌महिने खात बसतो. कड किती झिजलीय ते मात्र पट्टी आडवी धरून बघा. मध्ये खोलगट झाली असेल तर रिमच बदला.

गंजका_घोडा, लातूर

क्रँक आरसा झाले, दाढी करता येईल. आता हे टिकवायचं कसं? वरून लॅकर मारू का?

बफ_२८००, वाळूज

लॅकर नको. आरशासारख्या धातूवर त्याला पकड मिळत नाही. एका ओरखड्यातून ओल आत जाते आणि लॅकरखाली केसासारख्या नागमोडी रेघा पसरतात. मग लॅकर काढा, पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या लिव्हरवर जे पिवळं सुटलेलं होतं ते हेच की.

गाडीचं कार्नोबा वॅक्स लावा, पातळ, दोनदा, अर्ध्या तासाच्या अंतरानं. पावसाळा सुरू व्हायच्या आधी एकदा, संपल्यावर एकदा. हाताचा घाम लागतो तिथं महिन्याला.

पुन्हा अ‍ॅनोडायझिंग हवंच असेल तर इथं वाळूज, चिकलठाण्याला गाड्यांच्या पार्टांवर काम करणारी छोटी युनिटं असतात. १० मायक्रॉन, रंगाशिवाय, असं सांगा. सल्फ्युरिकच्या टाकीतून आल्यावर आरसा थोडा धुरकट होतो, ते आधीच मान्य करा. ओतीव लिव्हर देऊ नका, सिलिकॉनमुळे राखाडी, डागाळलेले येतात. आणि आधी त्यांचा 'साफ करण्याचा' टप्पा विचारा. तोही कॉस्टिकचाच असतो, तुमचे आटे त्यांना माहीत नसतात. बुचं लावूनच द्या.

बाभळीचं_झाड, बीड

विषय थोडा बाजूला नेतो. माझा सीटपोस्ट चौकटीतून निघंनाच झालाय. तेल झालं, हातोडा झाला.

कोन_कटोरी, परभणी

लोखंडी चौकटीत अलॉय पोस्ट कोरडा बसवला की हे होतंच. ॲल्युमिनियमचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, पोस्ट आत फुगून पाचरीसारखा बसतो. तेल आत उतरत नाही. चौकट उलटी टांगा, पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये पकडा आणि चौकटच तरफ म्हणून फिरवा. ओढू नका, आधी पिळा. फिरला की निघतो.

नाहीच हलला तर पोस्ट वरून कापून हॅक्सॉ ब्लेडनं आतून उभ्या दोन चिरा पाडायच्या आणि आत दुमडून काढायचा. आणि शेवटचा उपाय, ताईंचा कॉस्टिक. तो अलॉय खातो, लोखंड खात नाही, पण चौकटीचा रंग घेऊन जातो. तुमची चौकट अलॉयची असेल तर हा उपाय विसरा.

गंजका_घोडा, लातूर

मग माझा बसवताना काय लावू?

कोन_कटोरी, परभणी

पोस्टच्या आत जाणाऱ्या भागावर ग्रीस, वर्षातून एकदा काढून पुसून पुन्हा. पोस्टवर आणि स्टेमवर जास्तीत जास्त उंचीची खूण कोरलेली असते, ती पेपरनं घालवली नाही ना? घालवली असेल तर दुसऱ्या तशाच पोस्टवरून मोजून पंचनं हलकी खूण करा. खूण कुठली ते कळलं नाही तर निदान ६५ मिलिमीटर आत ठेवा. स्टेम हँडल पकडतो ती आतली बाजू आरसा करू नका, ४०० चा खरखरीतपणा राहू द्या, नाही तर ब्रेक मारताना हँडल खाली फिरतं.

क्रँक बसवताना चौकोनी खोबण कोरडी, स्पिरिटनं पुसलेली. बोल्टच्या आट्यांना मात्र ग्रीस. टॉर्क ३५ ते ४० न्यूटन-मीटर. पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा एकदा आवळा. डाव्या पेडलचे आटे उलटे, विसरू नका.

गंजका_घोडा, लातूर

खूण राहिलीय, अर्धी पुसट. टॉर्क रेंच इथं एका दुकानात भाड्यानं मिळतो, शनिवारी आणतो. तोवर स्टेमचा ४०० बघतो, तिथं मी आरसा करून ठेवलाय.

वॉटरपेपर, छ. संभाजीनगर

आडवा मारा. म्हणजे हँडल फिरतं त्या दिशेला नाही, हँडलच्या नळीच्या लांबीत.